संस्थात्मक ज्ञानभांडारासाठी सॉफ्टवेअरची निवड : खारदांड्याच्या संदर्भात एक चिकित्सा

विषयप्रवेश

खार स्थानकाच्या पश्चिमेस, समुद्राला लागून वसलेला खारदांडा हा मुंबई उपनगरांतील जुन्या कोळीवाड्यांपैकी एक होय. या किनाऱ्याविषयी शास्त्रीय लेखन झालेले नाही असे नाही. ते खारदांड्यात नाही, इतकेच. मुंबई किनाऱ्यावरील मासेमारीचे संशोधन केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या कोची येथील भांडारात आहे आणि ते ‘ईप्रिंट्स’ या सॉफ्टवेअरवर चालते. येथील किनारी पाण्याच्या प्रदूषणाचे अभ्यास राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या दोनापावला, गोवा येथील भांडारात आहेत. ते ‘डीस्पेस’वर उभे आहे. विद्यापीठांना सादर झालेले प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’त जातात, तेथेही डीस्पेसच आहे. यांतील पहिल्या दोन्ही संस्थांची मुंबईतील केंद्रे अंधेरी-वर्सोवा परिसरात, म्हणजे खारदांड्यापासून काही किलोमीटरवरच आहेत. समुद्र एकच, त्याविषयीचे ज्ञान मात्र तीन राज्यांतील तीन भांडारांत विभागले गेले आहे.

यात वाईट काही नाही. ती भांडारे खुली आहेत आणि त्यांची व्यवस्था सक्षम हातांत आहे. प्रश्न उरतो तो या तिन्हींपैकी कोठेही न जाणाऱ्या साहित्याचा. पदवी वर्गांतील विद्यार्थ्यांचे प्रकल्प, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतील पाहण्या, वयस्क कोळिणींच्या ध्वनिमुद्रित मुलाखती, महाविद्यालयीन वार्षिकांकांतील लेख, प्राध्यापकांनी स्थानिक चर्चासत्रांत वाचलेले मराठी निबंध हे सारे साहित्य शोधगंगेच्या कक्षेत येत नाही, कारण तेथे विद्यापीठीय प्रबंधांनाच स्थान आहे. ते विभागाच्या कपाटात राहते आणि काही वर्षांनी रद्दीत जाते. उपनगरातील एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने संस्थात्मक ज्ञानभांडार उभारायचे ठरविल्यास त्याचे खरे प्रयोजन या साहित्याशी निगडित असते. सॉफ्टवेअरची निवड करताना मात्र नेमके हेच साहित्य कोणी समोर ठेवत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख या विसंगतीकडे आहे.

निवडीची रूढ पद्धत

भारतातील संस्थात्मक भांडारांचा आरंभ सर्वसाधारणपणे २००२ पासून मानला जातो. त्या वर्षी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने ईप्रिंट्सच्या साहाय्याने आपले भांडार सुरू केले. ईप्रिंट्स हे इंग्लंडमधील साउदम्प्टन विद्यापीठात २००० मध्ये तयार झालेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. २००२ च्याच नोव्हेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे ग्रंथालय आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी संयुक्तपणे डीस्पेस प्रसिद्ध केले. न्यूझीलंडमधील वायकाटो विद्यापीठाचे ‘ग्रीनस्टोन’ त्यापूर्वीच युनेस्कोच्या सहकार्याने विकसनशील देशांत पोहोचले होते. पुढील काही वर्षांत बंगळुरूच्या प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्राने डीस्पेसचे प्रशिक्षण अनेक ग्रंथपालांना दिले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे बंधनकारक केले आणि शोधगंगेने डीस्पेस स्वीकारले, तेव्हा देशातील कल जवळजवळ निश्चित झाला. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे ग्रंथालयही डीस्पेसच वापरते. आज एखाद्या महाविद्यालयीन ग्रंथपालाला ‘डीस्पेसच का?’ असे विचारल्यास ‘सर्वजण तेच वापरतात’ हे उत्तर मिळण्याची शक्यता अधिक.

हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. जे सॉफ्टवेअर शेजारच्या ग्रंथालयात चालते त्याची अडचण शेजारी विचारता येते, हा फार मोठा व्यावहारिक लाभ आहे. परंतु अनुकरणाला शास्त्रीय निवडीचा पोशाख चढविला जातो तेथे आक्षेप घेणे आवश्यक ठरते. ग्रंथालयशास्त्रीय नियतकालिकांतून गेली वीस वर्षे एका ठरावीक घडणीचे तुलनात्मक तक्ते प्रसिद्ध होत आले आहेत. डाव्या स्तंभात वैशिष्ट्ये, वरच्या ओळीत डीस्पेस, ईप्रिंट्स, ग्रीनस्टोन आणि क्वचित फेडोरा. मधल्या चौकटींत बरोबरच्या खुणा. कार्यप्रणाली कोणती, डेटाबेस कोणता, परवाना कोणता, डब्लिन कोअर आहे की नाही, नोंदींच्या देवघेवीचा ओएआय-पीएमएच हा संकेत आहे की नाही. तिन्ही-चारही सॉफ्टवेअरना बहुतेक सर्व चौकटींत बरोबरची खूण मिळते. मग ज्या तक्त्याने काहीच वेगळे केले नाही, त्याच्या आधारे अखेरीस डीस्पेसची शिफारस होते. शिफारस आधी ठरलेली असते, तक्ता नंतर भरला जातो, असा संशय आल्यास वाचकाला दोष देता येणार नाही.

या तक्त्यांतील एक चौकट मराठी वाचकाच्या दृष्टीने विशेष फसवी आहे. ती ‘युनिकोड’ची. तेथेही सर्वत्र बरोबरची खूण असते आणि ती खोटीही नसते. पण या खुणेचा अर्थ एवढाच, की देवनागरी मजकूर साठविता येतो व पडद्यावर दाखविता येतो. तो सापडतो की नाही, याविषयी ती काहीही सांगत नाही.

सामान्यरूपाची कसोटी

‘खारदांडा’ हाच शब्द घ्यावा. मराठी वाक्यात तो या रूपात फार थोड्या वेळा येतो. ‘खारदांड्यातील मच्छीमार’, ‘खारदांड्याच्या किनाऱ्यावर’, ‘खारदांड्याहून’ अशी त्याची रूपे प्रकल्पाच्या शीर्षकात आणि सारांशात असतात. विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते, ही गोष्ट मराठीच्या प्राध्यापकाला सांगण्याची गरज नाही; शोधयंत्रणेला मात्र ती कोणी सांगितलेली नसते. यंत्राच्या दृष्टीने ‘खारदांडा’ व ‘खारदांड्यातील’ हे दोन असंबद्ध शब्द आहेत, कारण ‘ड’पर्यंतची अक्षरे सारखी असली तरी पुढे एकात काना आहे आणि दुसऱ्यात हलन्तचिन्ह व ‘य’. परिणामी विद्यार्थ्याने शोधचौकटीत गावाचे नाव शुद्ध लिहिले, तरी गावाविषयीचा प्रकल्प त्याला मिळेलच असे नाही.

डीस्पेसचा शोध ‘सोलर’ या यंत्रणेवर चालतो. शब्दांची रूपे एका मुळाशी आणून जोडण्याची तिची मूळ मांडणी इंग्रजीसाठी आहे. सोलर ज्या ‘लूसीन’ या पायावर उभी आहे त्यात हिंदीसाठी तयार विश्लेषक आहे. पण हिंदीची प्रत्ययव्यवस्था आणि मराठीचे सामान्यरूप यांत अंतर आहे. ईप्रिंट्सचा मूळ शोध डेटाबेसमधील शब्दसूचीवर आधारलेला असल्याने तेथेही हा प्रश्न सुटत नाही. ‘खारदांड’ एवढाच भाग लिहून पुढे तारकाचिन्ह दिल्यास सोलरमध्ये सर्व रूपे सापडू शकतात. परंतु तारकाचिन्ह वापरणारा वाचक प्रायः ग्रंथपालच असतो.

स्थलनामाची दुसरी अडचण लेखनभेदाची आहे. ‘खारदांडा’, ‘खार दांडा’, ‘खार-दांडा’ आणि नुसते ‘दांडा’ ही सर्व लेखने प्रचारात आहेत. रोमन लिपीतही एक शब्द व दोन शब्द असे दोन्ही प्रकार दिसतात. मासळीच्या नावांत हा गोंधळ अधिक वाढतो. ‘बोंबील’ की ‘बोंबिल’ या ऱ्हस्वदीर्घाच्या वादात पडले नाही, तरी कोचीच्या भांडारात हाच मासा ‘बॉम्बे डक’ या इंग्रजी नावाने किंवा ‘हार्पाडोन नेहेरियस’ या शास्त्रीय नावाने नोंदला जातो. खारदांड्याच्या किनाऱ्यावर वाळत घातलेला आणि कोचीच्या नोंदीतला मासा एकच आहे, हे सांगणारा दुवा कोणीतरी हाताने तयार करावा लागतो. ग्रंथालयशास्त्रात यासाठी नामप्रमाणक सूचीची परंपरा आहेच. डीस्पेसमध्ये विषयशब्दांची नियंत्रित सूची स्वतः तयार करून जोडता येते, प्रत्येक नोंदीला भाषेची खूण देता येते आणि पर्यायी शीर्षकासाठी वेगळे क्षेत्रही आहे. ईप्रिंट्समध्ये विषयांचा वृक्ष असतो. तो मुळात अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या वर्गीकरणावर बेतलेला असला, तरी बदलता येतो. येथे दोन्ही सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. अपुरी असते ती सूची करण्याची तयारी.

एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. मुंबईच्या सोनकोळ्यांवरील विजया पुणेकर यांचा समाजशास्त्रीय ग्रंथ १९५९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. कोळीवाड्यावर काम करणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याने तो पाहावा असा आहे. मराठीत ‘सोनकोळी’ असा शोध घेणाऱ्याला मात्र, नोंदीत मराठी विषयशब्द घातलेला नसल्यास, या ग्रंथावर आधारलेली इंग्रजी टिपणे व परीक्षणे दिसणार नाहीत. भांडार समृद्ध असूनही वाचकाच्या बाजूने ते रिकामेच राहील.

याहून गंभीर अडचण जुन्या टंकांची आहे. २००० च्या दशकात मराठी मजकूर प्रामुख्याने श्री-लिपी, आकृती यांसारख्या टंकांत जुळविला जात असे. महाविद्यालयांचे वार्षिकांक आणि टंकलिखित प्रकल्प याच टंकांत आहेत. त्यांची पीडीएफ प्रत पडद्यावर निर्दोष दिसते. पण तिच्या आत देवनागरी नसून रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक माळ असते. अशी प्रत कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये घातली तरी तिच्यातील एकही मराठी शब्द सापडणार नाही. युनिकोडमध्ये जुळविलेल्या पीडीएफमध्येही ऱ्हस्व वेलांटीचा क्रम उलटापालटा होऊन मजकूर बाहेर पडतो, हा अनुभव नित्याचा आहे. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातील ‘ऱ्य’ दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला भिन्न. किनाऱ्याविषयीच्या भांडारात ‘किनाऱ्यावर’ हाच शब्द दोन टोपल्यांत पडावा, यासारखा दैवदुर्विलास नाही. ‘टेसरॅक्ट’ या मुक्तस्रोत अक्षरवाचकात मराठीची सोय आहे आणि २०१८ च्या आवृत्तीपासून त्याची अचूकता वाढली आहे. तेव्हा जुने अंक नव्याने वाचून घेणे हा व्यवहार्य मार्ग आहे. मात्र हे काम भांडाराच्या सॉफ्टवेअरबाहेरचे आहे, आणि तुलनात्मक तक्त्यात त्याला चौकट नाही.

यावरून एक साधी पद्धत सुचते. निवड समितीने तक्ता भरण्यापूर्वी आपल्या कपाटातील वीस दस्तऐवज निवडावेत : दोन-तीन जुन्या टंकांतील, काही हस्तलिखितांची छायाप्रत, एक ध्वनिमुद्रण, एक इंग्रजी निबंध, बाकी मराठी प्रकल्प. ते प्रत्येक पर्यायी सॉफ्टवेअरमध्ये घालावेत आणि ज्यांनी ते घातलेले नाहीत अशा विद्यार्थ्यांना शोधायला बसवावे. या कसोटीत तिन्ही सॉफ्टवेअर काही प्रमाणात अनुत्तीर्ण होतील. कोणते किती दुरुस्त करता येते आणि ते कोण करणार, या मुद्द्यावर मग निवड येऊन ठेपेल.

डीस्पेसचा भार

दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न डीस्पेसच्या बाबतीत टाळता येत नाही. २०२१ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत या सॉफ्टवेअरची रचना मुळापासून बदलली. पूर्वीचे दोन्ही दर्शनी भाग काढून टाकण्यात आले; सर्व्हरवरील जावा आज्ञावली आणि वाचकासमोरचा स्वतंत्र दर्शनी भाग अशी दोन अंगे झाली. सहाव्या आवृत्तीला मिळणारा आधार २०२३ मध्ये संपला. ज्या ग्रंथालयांनी जुन्या दर्शनी भागावर मेहनत घेऊन मराठी पाट्या लावल्या होत्या, त्यांना ते काम पुन्हा आरंभापासून करणे भाग होते किंवा आधार संपलेल्या आवृत्तीवर राहणे भाग होते. मोठ्या विद्यापीठात यासाठी संगणक विभाग असतो. महाविद्यालयात अनेकदा ग्रंथपालाचे पदच रिक्त असते आणि सर्व्हर सांभाळण्याचे काम संगणकशास्त्राच्या एखाद्या उत्साही साहाय्यक प्राध्यापकाकडे, त्याच्या तासिकांच्या वर, सोपविलेले असते. त्याने नोकरी बदलली की भांडार बंद पडते.

याची एक दृश्य खूण भारतीय भांडारांत अनेक ठिकाणी आढळते. डीस्पेस प्रत्येक दस्तऐवजाला ‘हँडल’ नावाचा स्थायी पत्ता देते. त्यासाठी संस्थेने नोंदणी करून, वार्षिक शुल्क भरून, स्वतःचा क्रमांक घ्यावयाचा असतो. तो घेतलेला नसेल तर नमुन्यादाखल दिलेला १२३४५६७८९ हा क्रमांक तसाच राहतो. असा पत्ता जगात कोठेही उलगडत नाही. सर्व्हरचे नाव बदलले की तो मृत होतो. स्थायित्व हेच ज्या सॉफ्टवेअरचे प्रमुख आकर्षण, ते निवडून स्थायित्वाचा भाग तेवढा वगळायचा, असा हा प्रकार आहे. प्रबंधात असा पत्ता उद्धृत करणाऱ्या संशोधकाची त्यात निष्कारण फसगत होते.

म्हणून एकट्या महाविद्यालयाने, काही शे दस्तऐवजांसाठी, स्वतःचा डीस्पेस सर्व्हर चालविणे हा निर्णय बहुतेक ठिकाणी चुकीचा ठरेल. ईप्रिंट्सची रचना तुलनेने सुटसुटीत आहे आणि एका संस्थेच्या मर्यादित संग्रहास ती साजेशी आहे. वार्षिकांकांसारख्या, ज्यात नव्याने कोणी स्वतः भर घालणार नाही अशा पूर्ण झालेल्या संग्रहासाठी ग्रीनस्टोनचा विचार आजही हास्यास्पद मानू नये. व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेच्या भारतीय श्रमविषयक अभिलेखागाराने ग्रीनस्टोनवर आपले दस्तऐवज मांडले होते. ग्रीनस्टोनची उणीव आहे ती वेगळीच : लेखकाने स्वतः सादर करावे, ग्रंथपालाने तपासावे, मग प्रकाशित व्हावे, ही साखळी त्यात दुबळी आहे.

डीस्पेस खऱ्या अर्थाने शोभते ते अनेक संस्थांच्या एकत्र भांडाराला. समुदाय, उपसमुदाय आणि संग्रह अशी त्याची उतरंड आहे. वांद्रे ते अंधेरी या पट्ट्यातील पाच-सहा महाविद्यालयांनी एकच भांडार चालविले, तर प्रत्येकाला आपला समुदाय मिळेल, हँडलचे शुल्क एकदाच भरावे लागेल, सोलरमध्ये मराठी रूपांची जोडणी एकदाच करावी लागेल आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला वेतन देता येईल. त्या भांडाराच्या आणि कोची-गोव्याच्या नोंदी ओएआय-पीएमएचमुळे एकाच शोधात आणणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. अडचण प्रशासकीय आहे. मूल्यांकनाच्या वेळी ‘आमचे भांडार’ म्हणून दाखविण्यास स्वतंत्र पत्ता हवा असतो, आणि सामायिक भांडाराचे श्रेय कोणाच्या अहवालात जायचे, यावर घोडे अडते. या स्पर्धेतून जी स्वतंत्र भांडारे उभी राहतात त्यांत जुन्या प्रश्नपत्रिका, अभ्यासक्रम आणि वृत्तपत्रीय कात्रणे यांचीच गर्दी असते. प्रश्नपत्रिका उपयुक्त असतात, हे कोणीही नाकारणार नाही. पण त्या अन्यत्रही मिळतात. कोळिणीची मुलाखत मिळत नाही.

खुलेपणाची मर्यादा

मुलाखतींच्या संदर्भात आणखी एका गोष्टीकडे निवड समित्यांचे लक्ष क्वचितच जाते. मुक्त प्रवेशाची चळवळ २००२ च्या बुडापेस्ट घोषणेपासून संशोधनलेखांच्या खुलेपणासाठी उभी राहिली. संशोधक आपला लेख खुला करतो तेव्हा तो स्वतःचे लेखन देत असतो. विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रित केलेली मुलाखत मात्र दुसऱ्याचे बोलणे आहे. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा, घरांच्या मालकीचा आणि समुद्रात उभ्या राहणाऱ्या वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचा प्रश्न ज्या वस्तीसमोर आहे, तेथे एखाद्या वृद्धेने वीस वर्षांपूर्वी विद्यार्थ्याला विश्वासाने सांगितलेली घराची हकिगत जगभर खुली करणे हे ग्रंथालयाच्या अधिकारात बसत नाही. डीस्पेस व ईप्रिंट्स या दोहोंत दस्तऐवज ठरावीक काळ बंद ठेवण्याची, विशिष्ट गटालाच दाखविण्याची आणि ‘प्रत मागवा’ या विनंतीची सोय आहे. ती सोय चालू करण्यापूर्वी संमतिपत्रांचा मराठी नमुना, सहज समजेल अशा भाषेत, हाती असावा लागतो. नोंद खुली आणि ध्वनिमुद्रण बंद, अशी व्यवस्था सर्वांत सुरक्षित. त्यामुळे मुलाखत अस्तित्वात आहे एवढे तरी जगाला कळते आणि खारदांड्यातील नातवंडांना ती ग्रंथालयात येऊन ऐकता येते.

निर्गमनाची वाटही आरंभीच तपासावी लागते. डीस्पेसमधून दस्तऐवज व नोंद एकत्र बांधलेल्या संचाच्या रूपात बाहेर काढता येतात. ईप्रिंट्समधून नोंदी एक्सएमएलच्या रूपात मिळतात. वरील वीस दस्तऐवज घालून झाल्यावर ते पुन्हा बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालून पाहावेत. मराठी शीर्षके शाबूत राहिली की नाही हे त्याच दिवशी कळेल. बाहेर काढलेल्या संचाची एक प्रत मुंबईबाहेर असावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि उपनगरांतील अनेक महाविद्यालयांची ग्रंथालये व संगणककक्ष आजही तळमजल्यावरच आहेत.